रोलँड ज्युपिटर-८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरबद्दल कुणाशी बोलायला बसलं की गाडी शेवटी ज्युपिटर-८ वर येऊन थांबतेच. कुणी त्याचा आवाज एखाद्या गाण्यात ऐकलेला असतो, कुणी संगणकावरची त्याची नक्कल वापरत असतो, कुणाला तो विकत घ्यायचा असतो. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ज्युपिटर-८ म्हणजे नेमकं काय?

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेला सिंथेसायझर. ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं. एका वेळी आठ स्वर, प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे आवाजाची लहर तयार करणारे भाग, असे एकूण १६ ऑसिलेटर. वजन सुमारे २२ किलो. तयार केलेले ६४ आवाज तो लक्षात ठेवतो, आणि ते कॅसेटवर उतरवून ठेवायचीही सोय आहे. जपानमध्ये त्याची किंमत ९,८०,००० येन होती आणि अमेरिकेत ५,२९५ डॉलर. त्या काळी हे पैसे साध्या वादकाच्या आवाक्यातले नव्हते. मोठे बँड, स्टुडिओ आणि कमाई चांगली असलेले वादक यांच्याकडेच तो दिसायचा.

रोलँडची स्थापना इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात केली. स्वस्त आणि टिकाऊ वाद्यं बनवणारी कंपनी अशी तिची ओळख होती. ज्युपिटर-८ बनवताना मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही, हे यंत्र समोर आलं की लगेच जाणवतं. धातूची रुंद पेटी, नारिंगी रेघा, खालच्या कडेला रंगीत बटणांची रांग, आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र स्लायडर.

'अॅनालॉग पॉलिफोनिक' हे काय प्रकरण आहे?

अॅनालॉग म्हणजे आवाज प्रत्यक्ष विजेच्या लहरीतून तयार होतो. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि चिप यांच्या मंडलात लहर जन्माला येते, तिथेच ती छाटली जाते, तिथेच लहानमोठी होते. आकडेमोड करून बनवलेला आवाज तो नव्हे.

पॉलिफोनिक म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर वाजणं. पेटीवर हे सहज होतं, कारण तिथे प्रत्येक पट्टीला स्वतःची रीड असते. सिंथेसायझरमध्ये मात्र एका स्वरासाठी ऑसिलेटर, फिल्टर, अॅम्प्लिफायर असं सगळं मंडल लागतं. आठ स्वर एकदम हवे असतील तर हे सगळं आठ वेळा बांधावं लागतं. म्हणूनच ही वाद्यं जड आणि महाग होती.

मी या आठ मंडलांना आठ गळे म्हणतो, आणि ज्युपिटरचा सगळा जीव या शब्दात आहे असं मला वाटतं. गावातलं भजनी मंडळ आठवा. आठ जण एकच अभंग एकाच सुरात म्हणतात, पण कुणाचा सूर केसभर चढा असतो, कुणाचा किंचित उतरलेला, कुणी अर्धी मात्रा मागे असतो. म्हणून तो आवाज भरलेला वाटतो. एकाच माणसाचा आवाज आठ वेळा हुबेहूब एकावर एक ठेवला तर तो मोठा होईल, भरीव होणार नाही. ज्युपिटरमधले आठ गळे एकाच नकाशावर बांधलेले असले तरी प्रत्येकातले सुटे भाग थोडे वेगळे, त्यामुळे कुठलेही दोन गळे तंतोतंत सारखे नाहीत.

याआधी अशी वाद्यं नव्हती का?

होती. १९७० चा मिनिमूग प्रसिद्ध होता, पण तो एका वेळी एकच स्वर वाजवायचा. यामाहाचा सीएस-८० आठ स्वरांचा होता आणि फार सुंदर वाजायचा, पण वजन शंभर किलोच्या घरात. १९७८ मध्ये अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ आणला आणि मोठी अडचण सोडवली. आत मायक्रोप्रोसेसर बसवला, त्यामुळे तयार केलेला आवाज साठवून एका बटणावर परत मिळू लागला. त्याआधी वादक स्लायडर कुठे होते ते कागदावर लिहून ठेवत. रोलँडचा चार स्वरांचा ज्युपिटर-४ त्याच वर्षीचा. ज्युपिटर-८ तीन वर्षांनी आला आणि प्रॉफेटच्या पाच गळ्यांसमोर आठ गळे घेऊन उभा राहिला.

त्यात आवाज कसा तयार करतात?

एक उदाहरण हातानेच करून दाखवतो. पॅड, म्हणजे गाण्याच्या मागे पसरून राहणारा मऊ आवाज, आपल्याला हवा आहे.

दोन्ही ऑसिलेटरवर करवतीच्या दातांसारखी लहर निवडा. ही लहर कर्कश असते, मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखी, कारण तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याचे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. आता दुसरा ऑसिलेटर अगदी थोडा बेसूर करा. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या की जशी लाट येऊ लागते, तशी लाट ऐकू येईल. ती लाट सावकाश झाली की हात थांबवा.

मग फिल्टर. हा स्लायडर खाली आणत गेलात की वरचे उपस्वर एकेक करून झडत जातात आणि कर्कशपणा मावळतो. दार लोटल्यावर शेजारच्या खोलीतलं गाणं जसं ऐकू येतं तसं होतं. ज्युपिटरमध्ये हे लोटणं दोन प्रकारचं आहे. एका बटणाने फिल्टरची धार सप्तकामागे १२ किंवा २४ डेसिबल करता येते. १२ वर आवाज मोकळा राहतो, २४ वर तो अंगावर शाल घेतल्यासारखा होतो. शिवाय खालचा बोजडपणा काढायला वेगळा हाय-पास स्लायडर आहे. गाण्यात बास आणि ढोल असताना पॅडने त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून तो थोडा वर ठेवायचा. हा छोटा स्लायडर बरेच जण विसरतात, आणि मग आपलं मिश्रण गढूळ का होतंय ते त्यांना कळत नाही.

शेवटी एन्व्हलप. स्वर दाबल्यावर आवाज किती वेळात उमलावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा, हे इथे ठरतं. उमलायला एक सेकंद, विरायला दोन. आता षड्ज, गंधार, पंचम धरा.

पुण्यात एका मित्राच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा हे असं करून पाहिलं, तेव्हा पंचमावरचं बोट उचलून धैवतावर ठेवल्यावर विरणारा पंचम आणि उमलणारा धैवत एकमेकांवरून गेले, आणि काही क्षण मी पुढचा स्वर वाजवायचं विसरलो. पडद्यावर कुठला मेनू उघडावा लागला नाही, काही शोधावं लागलं नाही. जे ऐकू येत होतं ते सगळं बोटांखालच्या स्लायडरच्या जागेत डोळ्यांनाही दिसत होतं.

डुअल, स्प्लिट, युनिसन ही बटणं कशासाठी आहेत?

डुअलमध्ये दोन वेगवेगळे आवाज एकावर एक वाजतात, पण गळे वाटले जातात, म्हणून एका वेळी चारच स्वर मिळतात. स्प्लिटमध्ये डाव्या हाताला एक आवाज आणि उजव्या हाताला दुसरा, दोन्हीकडे चार-चार गळे. युनिसनमध्ये सगळे सोळा ऑसिलेटर एकाच पट्टीवर येतात. बासचा एक स्वर या पद्धतीने वाजवला की खोलीतल्या खिडक्या त्याची दखल घेतात.

आर्पेजिओ म्हणजे काय आणि त्याचं एवढं कौतुक का?

तुम्ही तीन-चार पट्ट्या एकदम धरता आणि यंत्र त्यातले स्वर एकामागून एक, ठरलेल्या लयीत वाजवतं. वर जाणारं, खाली येणारं, वरखाली करणारं, आणि कसंही उड्या मारणारं असे चार प्रकार ज्युपिटरमध्ये आहेत. मागे घड्याळाचा सिग्नल घेणारं एक छिद्र आहे. रोलँडच्याच टीआर-८०८ या तालयंत्राचा ट्रिगर त्यात जोडला की आर्पेजिओ तालाला बांधला जातो. त्या काळी संगणकाशिवाय यंत्रं एकमेकांशी जुळवायची ही सोपी युक्ती होती.

कुठल्या गाण्यांत तो ऐकायला मिळेल?

१९८२ च्या ड्युरान ड्युरानच्या 'हंग्री लाइक द वुल्फ'मध्ये निक ऱ्होड्स यांनी तो वापरला आहे. त्याच वर्षी मार्व्हिन गे यांनी बेल्जियममध्ये राहत असताना 'सेक्शुअल हीलिंग' केलं, त्यात मुख्यतः ८०८ चा ताल आणि ज्युपिटर-८ एवढ्या मोजक्या सामानावर गाणं उभं आहे. हे गाणं हेडफोन लावून ऐका. दोन यंत्रांमध्ये किती मोकळी जागा सोडली आहे आणि त्या जागेत गायकाचा गळा कसा सुखाने फिरतो, ते लक्षात येईल.

क्वीनच्या १९८४ च्या अल्बममध्ये तो दोन ठिकाणी आहे. 'रेडिओ गा गा'मधला सतत धडधडणारा बास त्याच्या आर्पेजिओवर चाललेला आहे. 'आय वाँट टु ब्रेक फ्री'मधला मधला एकल तुकडा बहुतेकांना गिटारचा वाटतो, पण तो फ्रेड मँडेल यांनी ज्युपिटर-८ वर वाजवला आहे. पाचगणीच्या शाळेत पियानो वाजवत वाढलेला फ्रेडी मर्क्युरी ते गाणं गातो, आणि गिटार वाजवावी तर ब्रायन मे यांनीच अशी ख्याती असलेल्या बँडमध्ये हा तुकडा सिंथने घ्यावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्यातली स्वरांची घसर पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

आपल्याकडे हा कुणी वाजवला होता का?

हो, आणि ज्युपिटरबद्दलचा मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही वादकांत केर्सी लॉर्ड यांचं नाव आदराने घेतलं जातं. त्याच वर्तुळातले चरणजित सिंग. अनेक वर्षं हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वादक म्हणून काम केलेला माणूस. सिंगापूरहून आणलेली यंत्रं त्यांच्याकडे होती: सूर वाजवायला ज्युपिटर-८, तालाला टीआर-८०८ आणि बासला टीबी-३०३. तिन्ही रोलँडची. १९८२ मध्ये त्यांनी या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी केली. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस असे राग, आणि खाली न थांबणारा डिस्कोचा ठेका. तेव्हा देशभर डिस्कोचं वारं होतं, त्यामुळे कल्पना काळाला धरूनच होती. तरी तबकडी फारशी चालली नाही आणि विस्मरणात गेली.

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने टीबी-३०३ चे नॉब फिरवत 'अॅसिड ट्रॅक्स' केलं आणि अॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. नेदरलँड्समधल्या एदो बाउमन या संग्राहकाला २००२ मध्ये चरणजित यांची तबकडी दिल्लीत सापडली, आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर ऐकणारे थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत तसाच आवाज निघाला होता. मग सत्तरीतले चरणजित युरोपात कार्यक्रम करू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

'अॅसिड हाउसचे जनक' असं त्यांना म्हणतात, ते मला पटत नाही. शिकागोतल्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती आणि चरणजित यांना नृत्यसंगीताचा नवा पंथ काढायचा नव्हता. त्यांना राग वाजवायचे होते. जनक म्हटलं की सगळं लक्ष ३०३ च्या बासवर जातं आणि वर ज्युपिटरवर काय चाललंय ते कुणी ऐकत नाही. खरं काम तिथे आहे. जगभरचे वादक ज्या यंत्रावर दाट स्वरमेळ वाजवत होते, त्याच यंत्रावर या माणसाने एकेरी सुरावट धरली, स्वरावरून स्वरावर घसरत गेला आणि राग मांडला. आठ गळ्यांचं वाद्य त्याने एका गळ्यासारखं गायला लावलं.

पण पट्ट्यांच्या वाद्यावर राग कसा वाजणार?

पेटीवर हाच आक्षेप शंभर वर्षं घेतला जातोय, आणि तो रास्त आहे. ज्युपिटरचे सूरही समान अंतरांचे, बारा भागांत कापलेले. तोडीचा अतिकोमल गंधार त्यात पट्टी दाबून मिळणार नाही.

मात्र पेटीला नसलेल्या दोन गोष्टी इथे आहेत. पहिली पोर्टामेंटो. तो लावला की स्वर उडी मारत नाही, सरकत जातो. वेळ बेताचा ठेवला तर मींडेच्या जवळ जाणारा परिणाम मिळतो. दुसरी डाव्या हाताचा बेंडर. पट्टी न बदलता सूर किंचित वर किंवा खाली ओढता येतो, त्यामुळे श्रुतीपर्यंत पोचता येतं आणि आंदोलनही घेता येतं. सॅक्सोफोन किंवा गिटारवर राग वाजवणाऱ्यांना जशी मेहनत घ्यावी लागते तशीच इथेही लागते. पट्ट्यांवर दाब कमीजास्त केल्याने आवाज लहानमोठा होत नाही, ही उणीव मात्र आहे. तेवढं काम फिल्टरच्या स्लायडरने किंवा आवाजाच्या पेडलने भागवावं लागतं.

त्याचा सूर सरकतो असं ऐकलं आहे. खरं का?

सगळ्याच अॅनालॉग ऑसिलेटरचा सरकतो. या पद्धतीत साधारणपणे एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे एका अर्ध्या स्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आता यंत्र तापलं आणि ट्रान्झिस्टरची वागणूक जराशी बदलली, की कानाला लगेच कळतं. म्हणून ज्युपिटरवर ट्यून बटण आहे. ते दाबलं की आतला झेड-८० प्रोसेसर सोळाही ऑसिलेटर तपासून सुरात आणतो. सुरुवातीच्या यंत्रांत व्होल्टेज ठरवणारा भाग १२ बिटचा, म्हणजे ४०९६ पायऱ्यांचा होता. पुढच्या यंत्रांत तो १४ बिटचा, १६,३८४ पायऱ्यांचा झाला आणि सूर जास्त स्थिर राहू लागला. विकत घेताना हे विचारून घ्यावं.

चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तापू द्यावं, मग ट्यून दाबावं. तबलजी बैठकीआधी तबला लावतो, तितकंच हे साधं आहे.

तो मिडीला जोडता येतो का?

मुळात नाही. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा, १९८३ चं, ज्युपिटर त्याआधीचा. नंतरच्या यंत्रांवर रोलँडचं स्वतःचं डीसीबी जोडणीचं छिद्र असतं आणि त्याला मिडीत बदलणारी पेटी मिळायची. आज बहुतेक जण आत मिडीचा जोड बसवून घेतात. गंमत म्हणजे मिडी घडवण्यात काकेहाशी आणि प्रॉफेटवाले डेव्ह स्मिथ हे दोन प्रतिस्पर्धीच पुढे होते, आणि त्यासाठी २०१३ मध्ये दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

इतका चांगला होता तर बंद का पडला?

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. डिजिटल, हलका, सोळा स्वर एकदम, सूर न हलणारा, बोटांच्या जोराप्रमाणे आवाज बदलणारा, आणि किंमत ज्युपिटरच्या निम्म्याहून कमी. तो लाखाहून जास्त खपला. घंटा आणि इलेक्ट्रिक पियानोसारखे लखलखीत आवाज लोकांना हवेहवेसे झाले आणि अॅनालॉग यंत्रं कवडीमोल भावात विकली जाऊ लागली. रोलँडने स्वतः जुनो-१०६ सारखी स्वस्त वाद्यं काढली होती, तीही चांगलीच होती. ज्युपिटर-८ चं उत्पादन दशकाच्या मध्यावर थांबलं.

आज भारतात विकत घ्यायचा असेल तर काय बघावं?

चालू स्थितीतल्या यंत्राला आज दहा लाख रुपयांहून सहज जास्त पडतात, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. एवढे पैसे टाकण्याआधी पुढच्या गोष्टींची खात्री करा.

सर्वांत आधी वीज. जपानी यंत्र १०० व्होल्टवर चालतं, अमेरिकन ११७ वर, आपल्या भिंतीत २३० आहे. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. माझ्या ओळखीच्या एका वादकाने परदेशातून आणलेला दुसराच एक जुना सिंथ आनंदाच्या भरात थेट जोडला. एक बारीक आवाज आला, जळका वास सुटला आणि आतलं पॉवर सप्लायचं बोर्ड गेलं. तो भाग मिळायला सात महिने लागले. व्होल्टेज उतरवणारा चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर यंत्राआधी घरात आला पाहिजे.

मग गळे तपासा. एकच पट्टी आठ-दहा वेळा सावकाश दाबा. यंत्र प्रत्येक वेळी पुढचा गळा वापरतं, त्यामुळे एखादा गळा मुका, फाटका किंवा बेसूर असेल तर दर आठव्या वेळी तो पकडला जातो. आत चार बोर्डांवर दोन-दोन गळे आहेत. शेजारचे दोन्ही बिघडले असतील तर दोष त्या बोर्डाच्या सामाईक भागात असण्याची शक्यता जास्त. फिल्टरची आयआर-३१०९ ही चिप आता नवी बनत नाही, हेही लक्षात असू द्या.

मेमरी राखणारी जुनी बॅटरी बदलली आहे का ते विचारा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात पट्ट्यांखालचे संपर्क आणि स्लायडर गंज धरतात. वापरत नसलात तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा आणि सगळे स्लायडर वरखाली करा.

संगणकावरची नक्कल चालणार नाही का?

उत्तम चालेल. आर्तुरिया या कंपनीने २००७ मध्ये ज्युपिटर-८व्ही आणलं, रोलँडचीही अधिकृत नक्कल मिळते, शिवाय २०१५ चं जेपी-०८ हे छोटं यंत्र आहे. गाण्याच्या मिश्रणात फरक ओळखणं मलाही जड जातं. फरक हातांना कळतो. माउसने एका वेळी एकच स्लायडर हलतो आणि ज्युपिटरवर दोन्ही हात मोकळे असतात. म्हणून प्लग-इन, म्हणजे ही संगणकावरची नक्कल, वापरणाऱ्यांनी नॉब-स्लायडरचा एक साधा मिडी कंट्रोलर जरूर घ्यावा.

सुरुवात कशी करू?

तयार आवाजांच्या यादीला हात लावू नका. एक ऑसिलेटर, करवती लहर, फिल्टर अर्ध्यावर, सोलो मोड (एका वेळी एकच स्वर), थोडा पोर्टामेंटो. मागे तंबोरा लावा. निषादावरून ऋषभ, गंधार असा यमनचा आरोह अगदी सावकाश वाजवा. उजवा हात स्वरांवर, डावा फिल्टरवर. तीव्र मध्यमाला फिल्टर जरा उघडा, पंचमावर येताना मिटवा. दहा मिनिटं फक्त एवढंच.